डावा डोळा मिटून

तिसऱ्या मॉनिटरवरही रेघ त्याच जागी तुटली, तेव्हा मात्र चंद्रकांत गप्प झाला. पहिल्या मॉनिटरच्या वेळी त्याने दुकानातल्या मुलीला चांगलं ऐकवलं होतं. बाई, हा तुमचा माल सदोष आहे, मधोमध बघा, इथं रेघ नाहीच. मुलीने वाकून पाहिलं, पियूषने वाकून पाहिलं, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मुलीने काही न बोलता शेजारच्या मॉनिटरवर तेच चौकटींचं पान लावून दिलं. गिऱ्हाईक वयस्क असलं की वाद घालायचा नाही, हे तिला शिकवलेलं असणार. दुसऱ्यावरही तोच प्रकार. एकाच गाडीतून आलेला माल दिसतोय, असं चंद्रकांत म्हणाला आणि ती हसली. तिसरा वेगळ्या कंपनीचा होता, बत्तीस इंची, भिंतीवर टांगलेला. चंद्रकांत उठून त्याच्यासमोर गेला, पाय जुळवून उभा राहिला आणि चाळीस वर्षं जे केलं तेच त्याने केलं. डावा डोळा मिटला आणि उजव्याने रेघेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर नेली. नजर जिथे टेकेल तिथली रेघ नाहीशी होत होती. नजर पुढे सरकली की मागची रेघ गुपचूप परत येत होती. त्याने डावा डोळा उघडला. रेघ अखंड होती, सगळ्या चौकटी जागच्या जागी होत्या, दुकानात थंडगार हवा होती, आणि दोष कुठल्याही काचेत नव्हता.

“काय झालं बाबा?” पियूषने विचारलं.

“काही नाही. चांगला आहे.”

पियूषला तेवढं पुरलं. पियूष हिंजवडीत अकरा वर्षं कॉम्प्युटरसमोरच बसत आलेला, त्यामुळे वस्तू कुठली घ्यावी यावर त्याच्याकडे पुष्कळ बोलायला होतं आणि वडील ऐकतायत हीच त्याला चैन होती. काउंटरवर दोन छोटे कॉम्प्युटर शेजारी शेजारी ठेवले होते, दोन्ही जेवणाच्या डब्याएवढे. यातला कॉम्प्युटर नक्की कुठे असतो, असं चंद्रकांतने सकाळपासून दोनदा विचारून झालं होतं. काळा होता तो कायमचा बंद. जसा आहे तसा. आत काही घालता येत नाही, काढता येत नाही, आवाज नाही, तक्रार नाही. राखाडी होता त्याला खाली चार स्क्रू होते. ते काढले की त्यात पुढेमागे भर घालता येत होती, मेमरी वाढवता येत होती. पियूषचं मन राखाडीवर होतं. “हा घेतलात ना, तर पुढची आठ-दहा वर्षं बघायला नको. काम वाढलं की मशिन वाढवायचं,” तो म्हणाला. घरातून निघताना चंद्रकांतचंही मन राखाडीवरच होतं. काम वाढणार, ही कल्पना निवृत्त माणसाला किती गोड वाटते ते निवृत्त झाल्याशिवाय कळत नाही. आता तो त्या चार स्क्रूंकडे बघत होता, म्हणजे बघायला गेला की ते नाहीसे होत होते, आणि आठ-दहा वर्षं हे शब्द त्याला कुणीतरी दुसऱ्याच माणसाबद्दल बोलल्यासारखे ऐकू येत होते.

“उद्या सांगतो,” तो म्हणाला.

परतीला माण-नांद्याच्या रस्त्याने निघाले. कंपन्यांच्या गाड्या एकीमागे एक उभ्या होत्या, बाजूला अर्धवट बांधलेल्या इमारतींवर हिरवी जाळी उडत होती. पियूष वाहतुकीला शिव्या देत होता, मधेच बायकोचा, किमयाचा, फोन आला म्हणून तिला घरी उशीर होईल असं सांगत होता, आणि चंद्रकांत गुडघ्यांवर हात ठेवून रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याची परीक्षा घेत होता. डावा मिटला की पट्टा मधून नाहीसा. डावा उघडला की अखंड. पुन्हा मिटला. लहान मूल दुखरा दात जिभेने चाचपतं तसा तो ती जागा पुन:पुन्हा चाचपत होता. आपण किती दिवस असे आहोत? दोन्ही डोळे उघडे असताना डाव्याने उजव्याचं सगळं सांभाळून घेतलेलं, जेवताना, पेपर वाचताना, नलिनीबरोबर भाजी निवडताना. कुणाला कळायचं कारणच नव्हतं. ज्याला एक डोळा मिटून बघायची सवय आहे त्यालाच हे कळणार, आणि अशी सवय मोजणीच्या खात्यातल्या माणसाशिवाय कुणाला असते? हिंगोलीला नोकरी लागली तेव्हा दयानंद मास्तर नावाचे एक म्हातारे भूमापक होते. तीन पायांच्या फळीवर कागद, कागदावर पितळी पट्टी, आणि पट्टीच्या फटीतून लांबवर रोवलेली काठी बघायची. मास्तर काही समजावून सांगत नसत. मागून येऊन आपला पंजा चंद्रकांतच्या डाव्या डोळ्यावर दाबून धरत. त्यांच्या पंजाला तंबाखूचा वास येई. महिन्याभरात पंजाची गरज उरली नाही, डोळा आपोआप मिटायला लागला. मग तो कुठेही मिटू लागला. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं आहे का बघताना, मुलीच्या घरच्यांनी चहा पुढे केला तेव्हा दारात उभ्या असलेल्या नलिनीकडे बघताना. लग्नाच्या एकूण एक फोटोत त्याचा डावा डोळा बारीक आहे. “माझ्या गळ्यात हार घालतानाही तुम्ही माझी मोजणीच घेत होतात,” असं नलिनी अजून पाहुण्यांना सांगते. उजवा डोळा म्हणजे त्याची भाकरी होती. पौडला बदली झाली, मुळशी तालुक्यातली निम्मी गावं या डोळ्याखालून गेली, बांधावरून डोकी फोडायला निघालेले भाऊभाऊ याने काठी धरली की गप्प बसत, कारण हा पैसे खात नाही आणि याची रेघ हलत नाही असं सगळीकडे झालं होतं. त्याला स्वत:लाही त्याचा गर्व होता. तो गर्व त्याने कधी बोलून दाखवला नाही, एवढाच काय तो विनय.

लवळ्याच्या फाट्याला कॉलेजच्या पोरांनी भरलेल्या रिक्षा आडव्या आल्या आणि पियूषने ब्रेक दाबला. कडेच्या खाचरात कुणीतरी राब भाजत होतं. भाताची रोपं टाकायच्या आधी जमिनीवर पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात, त्याचा कडवट धूर काच बंद असूनही आत आला. त्या वासासरशी चंद्रकांतला नथूचा बांध आठवला, आणि मग तो बांध नकाशात उतरवला ती दुपार.

नथू आणि शेखर हे सख्खे चुलतभाऊ, जमीन मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला, आजोबांपासून सामाईक. दोघांना घरच्या घरी वाटप करून हवं होतं. सरकारी मोजणीची वाट बघायला नको म्हणून ते पिरंगुटला चंद्रकांतच्या फ्लॅटवर आले. दारात चपला काढून भिंतीला टेकून उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात. नथूची आई धोंडाबाई तेवढी खुर्चीत बसली आणि म्हणाली, “साहेब काडतील ती रेघ आमच्या डोक्यावर.” बांध आजोबांच्या हातचाच होता, त्याच्या अलीकडचं नथूचं आणि पलीकडचं शेखरचं, हे दोघांना कबूल होतं. चंद्रकांतने फक्त जुन्या टिपणावरून, म्हणजे मूळ मोजणीच्या आराखड्यावरून, ती हद्द नकाशात उतरवायची, दोघांनी त्यावर सह्या करायच्या आणि दगड रोवायचे. टिपण शंभर वर्षांचं, पिवळं पडलेलं, घडीवर चिरलेलं. ते स्कॅन करून जुन्या कॉम्प्युटरवर घेतलं आणि जानेवारीतल्या एका दुपारी तो त्यावर रेघ ओढत बसला. नलिनी स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजत होती. कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता. रेघ वरून सरळ खाली येत होती, आणि निम्म्यावर आल्यावर त्याला डोळ्याच्या कडेने रेघेत काहीतरी दिसलं. बारीकसं, एक खाच असावी तसं. कडेने दिसलं म्हणून त्याने नीट बघायचं ठरवलं. नीट बघायचं म्हणजे डावा डोळा मिटायचा. त्याने डावा मिटून थेट त्या जागी बघितलं, तर तिथे काही नव्हतं. रेघ सरळ होती. त्याने नजर हलवली, पुन्हा काहीतरी चमकलं. पुन्हा थेट बघितलं, पुन्हा सरळ. कागदाची घडी नेमकी तिथूनच गेली होती. घडीची सावली, असं तो स्वत:शी म्हणाला. म्हणालासुद्धा मोठ्याने, कारण आतून नलिनीने विचारलं होतं, “काय हो?” आणि त्याने उत्तर दिलं होतं, “काही नाही, घडी आहे.” मग त्याने रेघ सरळ खाली नेली. जे दिसलं नव्हतं तिथे डोळ्याने आपल्या पदरची रेघ भरली होती, आणि त्याने ती खरी मानली होती. पुढच्या महिन्यात पाल शिरून तो कॉम्प्युटर जळाला, आणि सगळ्यांना वाटलं की नुकसान झालं ते तेवढंच.

“बाबा, उतरताय ना?” पियूष विचारत होता. गाडी सोसायटीच्या फाटकात उभी होती.

घरी आल्यावर नलिनीने पाणी दिलं आणि काय ठरलं ते विचारलं. उद्या सांगायचंय, तो म्हणाला. तो हातपाय धुऊन खिडकीपाशी बसला. खिडकीच्या गजांतून समोरचा डोंगर दिसत होता. त्याने डावा डोळा मिटला आणि एक गज नाहीसा केला, उघडला आणि परत आणला. खरं म्हणजे आता परीक्षा घेण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी तो बघत राहिला, कारण बघणं थांबवलं की फोन करावा लागणार होता. दगड रोवले नसतील, असं त्याने स्वत:ला सांगितलं. गावात कामं लांबतात. लग्नसराई आहे. आणि खाच तरी कशावरून होती? घडीच असेल. पण त्याला जमिनीवरचा तो भाग आठवायला लागला. आठवायला तो तिथे गेलाच नव्हता. हीच तर गोष्ट. पूर्वीचा चंद्रकांत टिपण हातात घेऊन बांधावर उभा राहिल्याशिवाय कागदाला पेन लावत नसे. निवृत्तीनंतर गुडघे बोलायला लागले, मशिनवर सगळं दिसतं अशी सवय झाली, आणि दोघं भाऊ सगळ्याला हो म्हणत होते. जायचं राहिलं. डोळ्याचं काय, डोळा म्हातारा होणारच. पण बांधावर न जाणं हे डोळ्याने केलं नव्हतं. याची त्याला इतकी लाज वाटली की एकट्याने बसवेना. नलिनी पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. तिच्यासमोरच त्याने नथूला फोन लावला.

“बोला सायेब,” नथूचा आवाज लांबून, मोकळ्यावरून आला.

“नथूभाऊ, दगड रोवलेत का अजून?”

“रोवलं की. धा-बारा दिस झालं. शेखरनं जेसीबी आनला हुता, बांध बी सारका करून घेतला.”

“सारखा म्हणजे?”

“झऱ्यापाशी वळत हुता न्हवं त्यो. आमच्या अंगचा झरा, त्येला वळसा घालून बांध फुडं जात हुता. तुमच्या नकाशात सरळ हाय, मंग म्हनलं सरळच घ्या. आता झरा शेखरकडं गेला.”

चंद्रकांतने डोळे मिटले, दोन्ही. नलिनीच्या हातातलं कापड थांबल्याचं त्याला न बघता कळलं.

“नथूभाऊ, अहो तुम्ही जन्मापासून बघताय तो बांध. वळलेला होता ना?”

“व्हय. वळलेलाच हुता.”

“मग मला बोलला का नाहीत? एक फोन करायचा.”

“आमी नुस्त्या डोळ्यानं बघनारी मानसं, सायेब. तुमी मशिनीवर बगता. आमाला वाटलं, आज्यानंच चुकून वळवला आसंल. म्हातारी लई बोलली, म्हनली झरा आपला हाय, माज्या सासऱ्यानं दगडं लावल्यात त्येला. मीच तिला गप केली. म्हनलं सायबानं काडलंय.”

तालुक्यात लोकांची डोकी फुटू नयेत म्हणून चंद्रकांतने जन्मभर जो विश्वास कमावला, त्या विश्वासानेच नथूने आपल्या आईला गप्प केलं होतं आणि आपला झरा देऊन टाकला होता. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडणात कुणीतरी निदान विचारलं असतं.

“चूक माझी आहे,” तो म्हणाला. “तिथे वळण आहे. टिपणात असणार. मला दिसलं नाही. माझा उजवा डोळा गेलाय, नथूभाऊ, मला आजच कळलं.”

फोनवर लांब कुठेतरी म्हशीला कुणी हाकारत होतं.

“शेखरचं रिसॉर्टवाल्याशी बोलनं झालंय,” नथू म्हणाला. “झरा हाय म्हनून त्येनं जागा पसंत केलीया. येत्या आयतवारी कागद करनार हायेत.” मग त्याने विचारलं, रागाने नाही, खरोखर कळत नाही म्हणून विचारावं तसं, “मंग आता कुनाच्या डोळ्यानं बघायचं वो?”

फोन ठेवल्यावर नलिनी उठली नाही की जवळ आली नाही. घडी केलेला टॉवेल तिने पुन्हा उलगडला, पुन्हा घडी केली. “कधीपासून?” तिने विचारलं. त्याने सगळं सांगितलं, दुकानातलं, रस्त्यावरच्या पट्ट्याचं, शेंगदाणे भाजत होती त्या दुपारचं. घडी आहे, असं आपण तिला सांगितल्याचंही सांगितलं. तिला ते आठवत नव्हतं. तिला रडू येत होतं आणि ती चिडलेलीही होती, डोळ्यावर की नवऱ्यावर हे तिला ठरवता येत नव्हतं. “मी हातातलं टाकून बाहेर आले असते, तर मला दिसलं असतं की हो,” ती म्हणाली. हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. तीस वर्षं तो घरात नकाशे काढत होता, पण टेबलापाशी खुर्ची एकच होती. तिथे दुसरं कुणी बसायचं नसतं, असा त्या घरातला न बोललेला नियम होता. पियूषही लहानपणी दाराशी उभा राहून बघायचा. रेघ ओढताना मागे कुणी उभं राहिलं की हात हलतो, असं चंद्रकांत म्हणायचा. हात कधीच हलला नव्हता. त्याला आपला डोळा एकट्याचा हवा होता.

संध्याकाळी पियूषचा फोन आला. ऑर्डर आत्ता टाकली तर परवापर्यंत येईल, कुठला ठरला?

“काळा,” चंद्रकांत म्हणाला.

“बाबा, त्यात पुढे काही वाढवता येत नाही, मी सांगितलं ना?”

“वाढवायचं नाहीये. एक नकाशा दुरुस्त करायचा आहे. तेवढ्यापुरता तो पुरे. मग आई वापरेल. मॉनिटर तो भिंतीवरचा घे, बत्तीसचा.”

“तो तुमच्या टेबलाला फार मोठा होईल. एका माणसाला चोवीस खूप झाला. जवळून बघितलं तर उलट मान दुखेल.”

“एका माणसासाठी नकोय,” चंद्रकांत म्हणाला आणि मग त्याने मुलालाही सांगितलं. जुन्या जळक्या डब्यातली डिस्क वाचलेली असेल, असं पियूष म्हणाला. मी उद्या रजा टाकतो. आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. मॉनिटर आणि तो काळा डबा मी हिंजवडीतून हातानेच घेऊन येतो, परवापर्यंत कशाला थांबायचं. त्याचा आवाज लहानपणच्यासारखा झाला होता, दाराशी उभा राहून बोलल्यासारखा.

डॉक्टरांनी सगळे दिवे मालवून, डोळ्यात औषध घालून पाहिलं. उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग वयाने झिजलाय, म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, डाव्याला जपा. कडेचं दिसत राहील. कडेचं दिसत राहील हे ते दोनदा म्हणाले, धीर द्यायला. चंद्रकांतला त्यात धीर वाटला नाही. आयुष्यभर ज्याने कडेला काय आहे इकडे लक्षच दिलं नाही, त्याला आता तेवढंच मिळणार होतं. घरी आल्यावर पियूषने काळा डबा मॉनिटरच्या पाठीला लावला, इतका छोटा की लावल्यावर दिसेनासा झाला. आणि खरोखर त्याचा आवाज नव्हता. जुन्याच्या घरघरीची चंद्रकांतला इतकी सवय होती की मशिन चालू आहे हे त्याला पटेना. डिस्क वाचली होती. पिवळं टिपण काचेवर उमटलं, टेबलभर, भिंतभर. नलिनीने स्वयंपाकघरातली खुर्ची आणून त्याच्या खुर्चीला लावून ठेवली आणि ती बसली. तिने पदराने चष्मा पुसला.

“वरून खाली ये,” चंद्रकांत म्हणाला. “सावकाश. जिथे रेघ हलेल तिथे थांब.”

ती बोट काचेपासून इंचभर लांब धरून खाली आली आणि थांबली. “इथे आहे. उजवीकडे जाते, गोल फिरते आणि परत येते. बारीक आहे पण आहे. घडी नाही हो ही. घडी शेजारून गेलीय.”

तो बघायला गेला नाही. तिच्या बोटाकडे बघत नुसता बसून राहिला.

शनिवारी सकाळी निरोपाप्रमाणे नथू आला, आणि शेखर येईल याची खात्री नसताना शेखरही आला. आला म्हणजे दाराच्या आत उभा राहिला, हातात गाडीची किल्ली फिरवत. चंद्रकांतने रात्रीपासून मनात जुळवलेलं होतं, की त्याला काय सांगायचं, कायदा कसा सांगायचा, टिपण कसं दाखवायचं. पण सही झालेला नकाशा शेखरच्या खिशात होता. तो नाही म्हणाला असता, तर नथूला कोर्टाची पायरी चढावी लागली असती आणि तोवर झऱ्यापाशी खोल्या उभ्या राहिल्या असत्या. म्हणून चंद्रकांतने कायदा सांगितला नाही. “शेखर, मी चुकलो,” तो म्हणाला. “टिपण नीट बघितलं नाही आणि जागेवर आलो नाही. बांध तू मोडलास तो माझ्या सांगण्यावरून मोडलास. आता तूच सांग तो कुठून जात होता. तू म्हणशील तसं काढतो, आणि ही माझी शेवटची रेघ.” पियूष भिंतीपाशी उभा होता. त्याने वडिलांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

शेखर किल्ली फिरवत राहिला. नलिनीने तिची खुर्ची रिकामी केली आणि नथू, जो या घरात कधी बसला नव्हता, तो चंद्रकांतच्या शेजारी बसला. त्याने कॉम्प्युटरला हात लावू का अशी नजर केली आणि मग आपलं राबाच्या काळ्याने भरलेलं बोट सरळ काचेवर टेकवलं. “हितनं वळतुया. हितं माज्या आज्यानं आंबा लावला हुता, त्यो वठला. आन् हितनं मागारी येतुया.” चंद्रकांतने त्या बोटामागून एक एक खूण टाकली. बोट उचललं तिथे काळा ठसा राहिला. मग सगळे थांबले. आता शेखरने बोलायला हवं होतं. रविवारी कागद होते. झरा नसलेल्या जमिनीला रिसॉर्टवाला काय म्हणेल हे त्या किल्ली फिरवणाऱ्या हाताला नक्की ठाऊक होतं. चंद्रकांतने मागे वळून पाहिलं नाही. कुणाकडून काही मागायचा हक्क आपल्याला उरलेला नाही, हे त्याला फार स्पष्ट वाटत होतं.

किल्लीचा आवाज थांबला. शेखर पुढे आला, दोघांच्या मधून वाकला आणि त्याने नथूच्या ठशाच्या जरा वर बोट ठेवलं, आपल्याच बाजूला.

“हितं न्हाई,” तो घुश्शात म्हणाला. “वाईच वर हाय. झऱ्याची पायरी बी त्येच्यात येती. ल्हानपनी आमी बसायचो तितं, ह्येंच्या घरची आमाला बसू द्यायची न्हाईत, आमचं हाय म्हनायची. इसारला काय रं?”

नथूने मान हलवली. विसरला नव्हता.

चंद्रकांतने खूण वर सरकवली. शेवटचं टोक जोडायचं होतं आणि सवयीने त्याचा डावा डोळा मिटला. रेघ नाहीशी झाली. दोन्ही भावांची बोटं नाहीशी झाली, झरा गेला, काचेवर नुसता पिवळा कागद राहिला, सरळ, कोरा. त्याने डावा डोळा उघडला नाही. त्याऐवजी त्याने त्या जागेकडे बघायचं सोडून दिलं आणि नजर जराशी बाजूला, नथूच्या उन्हाने रापलेल्या कानावर नेऊन ठेवली. तिथेच धरून ठेवली. आणि कडेने, हळूच, बांध वळताना दिसला.